साउंड कार्डातला गणपती

दुकान भाड्याने देताना घरमालकांनी एकच अट घातली होती. दुकानात कोणी 'चालतंय' म्हणायचं नाही. भाडं, अनामत, पाण्याचं बिल हे त्यांनी दोन वाक्यांत उरकलं आणि ह्या अटीवर मात्र चहा निवेपर्यंत बोलत बसले. यंत्र का चालतं हे सांगता येत असेल तर सांगावं. नुसतं 'चालतंय' म्हणणारा माणूस जागा आहे की झोपलाय हे कळायला मार्ग नसतो. मला डिचोलीत रस्त्याला लागून जागा हवी होती. म्हातारा काय बोलतो ह्याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. मी हो म्हटलं.

लग्नं, शाळांची संमेलनं आणि जत्रेतली नाटकं ह्यांना दिवे आणि स्पीकर पुरवायचा माझा धंदा. माझं माहेर पेडण्यातलं, इब्रामपूरचं. सासर डिचोली. नवरा आमोण्याला खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन सांभाळायचा, म्हणजे महिन्यातले बरेच दिवस पाण्यावर. लग्नात मला शिवणयंत्र मिळालं होतं. शिवणाचा मला कंटाळा, म्हणून ते विकून दोन स्पीकर घेतले आणि तिथून हे सुरू झालं. खांब उभे करायला, पडदे बांधायला सातापा होता. तो कोल्हापूरकडचा, मूळचा बांधकामावर आलेला, चाळिशीचा गडी. त्याच्या तोंडात दिवसभर 'चालतंय की' हे एकच वाक्य. अट कळल्यावर तो कोड्यात पडला. शेवटी त्याने तोडगा काढला. म्हणायचं असलं की तो गटार ओलांडून रस्त्यावर जायचा, तिथे मोकळेपणाने 'चालतंय की' म्हणायचा आणि परत आत यायचा. घरमालक बाजूच्याच घरात राहत. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात, ते त्यातून बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे.

सगळे त्यांना भाई म्हणत. मीही म्हणू लागले. ते मला बाय म्हणत, आणि चिडले की 'अगो बाये'. बेळगावला राहून त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती. वडिलांना मुलगा कोर्टात चिकटावा असं वाटत होतं. मुलाने रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकरचं दुकान काढलं, मी भाड्याने घेतलं तेच. लग्न केलं नाही. का, ते विचारायची इतरांची छाती नव्हती आणि मला वेळ नव्हता.

बोलायचे कोंकणी, लिहायचे मराठी, आणि ह्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटत नसे. आमच्याकडे बहुतेकांना वाटत नाही. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या आधी मराठी की कोंकणी ह्यावरून जो गदारोळ झाला, त्या दिवसांत ह्यांचे कर्णे दोन्ही पक्षांच्या सभांना जात. सकाळी एकांकडे, संध्याकाळी दुसऱ्यांकडे. शेवटी दोन्हीकडची माणसं दुकानात येऊन विचारू लागली, तू नेमका कोणाचा. भाईंचं उत्तर ठरलेलं: "म्हज्या कर्ण्याक भास येना. गळो तुमचो, तुमी पळयात." गळा तुमचा, तुमचं तुम्ही बघा. त्यावर आधी एका पक्षाने कर्णे घेणं बंद केलं, मग दुसऱ्याने. कित्येक महिने कर्णे फळीवर पडून राहिले. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. मला सांगताना म्हणाले, दोघांचा दोष एकच होता, माइक तोंडात घालून बोलायचे.

भाईंना ऐकायचं व्यसन होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून ते बसत आणि डोळे मिटून त्या मोटारीचं आयुष्य सांगत. नाक्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरची गुणगुण बदलली की वीज जाणार हे त्यांना आधी कळे. हे उपयोगी होतं. पण शेजाऱ्याच्या घरात न बोलावता शिरून 'तुमच्या पंख्याचं बेअरिंग संपलं' असं सांगणं लोकांना नको असे. भाई येताना दिसले की काही घरांतले पंखे बंद होत. एकदा एका लग्नात पंगतीला बसले असताना स्पीकरमधून बारीक घुरघुर ऐकू आली. हे वाढलेल्या पानावरून उठले, मांडवामागे जाऊन अर्थिंगची तार शोधली, जोडली, आणि परत येऊन जेवायला बसले. तोवर पंगत उठली होती. स्पीकर माझेच होते. मी त्यांचं पान धरून बसले होते, रागाने.

पण त्यांच्याकडून मी जे शिकले ते ह्या गमतींत नव्हतं. त्यांचा एक नियम होता: "आदीं सांग, मागीर लाय." आधी सांग, मग लाव. कुठलंही बटण दाबण्याआधी काय होणार ते तोंडाने सांगायचं. दिवा लागेल, एवढं चालत नसे. कुठला दिवा, किती तेजाचा, लगेच की क्षणभराने. आणि मी एक सांगितलं, झालं दुसरं, तर झालेलं चांगलं असलं तरी ते बंद करायला लावत. सांगितल्याप्रमाणे न होता दिवा लागला तर तो त्यांच्या लेखी बिघाडच. ह्या नियमाने माझी पहिली दोन वर्षं नुसती भांडणात गेली. लग्नघरी नवरदेव गाडीतून उतरायच्या बेतात असताना मी मनातल्या मनात 'आता डावीकडचे चार लागतील' असं म्हणताना स्वतःला पकडलं, तेव्हा मला कळलं की म्हाताऱ्याने मला बिघडवलं. त्यानंतर माझे फ्यूज जायचे कमी झाले, हेही खरं.

मग खाणी बंद पडल्या. आमच्या भागात हे सांगायला एवढंच वाक्य पुरतं. ट्रक अंगणात लागले, बार्जी नदीत उभ्या राहिल्या, आमोण्याचा धक्का सुना झाला. नवरा घरी बसला. घरी बसलेला इंजिनवाला काय करतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक: आमच्या घरातली एकही बिजागरी करकरायची राहिली नाही. मग एका एजंटाने त्याला दुबईला टगबोटीवरची नोकरी मिळवून दिली. कागद तयार झाले. जायचं की नाही हे जत्रा झाल्यावर सांगतो, असं तो म्हणाला.

जत्रा इब्रामपूरच्या पुढच्या एका गावातली. तिथे जत्रेला गावची मंडळी मराठी नाटक करतात, आणि आजूबाजूच्या गावांच्या कमिट्या ते बघायला येतात, कारण पुढे त्यांच्याही जत्रा असतात. दिवे, आवाज ज्याचा त्या रात्री चांगला होतो त्याला पुढचा अख्खा हंगाम मिळतो. माझा धंदा दोघांना पुरेल एवढा होणार की नाही, हे त्या एका रात्रीवर होतं. मला नवरा इथे हवा होता. तो परदेशी गेलेला मला आवडलं नसतं, आणि शिवाय जनरेटर एकटीने ओढायला मला नको होता. दोन्ही कारणं खरी आहेत.

अडचण अशी की त्या वर्षी म्हापशाची एक पार्टी लेझर घेऊन फिरत होती. काळोखात हिरव्या रेषांनी आकाशात चित्रं काढायची. कमिटीच्या अध्यक्षांनी मला स्पष्ट सांगितलं, नांदीला लेझरचा गणपती दिसला तर काम माझं. लेझर ही नवी गोष्ट, म्हणून त्यांनी देवाला कौल लावला होता आणि मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली होती. म्हणजे देवाची परवानगी होती. लेझर तेवढा माझ्याकडे नव्हता.

तो मला पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलात मिळाला. जुना, जड, एका बाजूला पोचा आलेला. त्याला चालवणारं यंत्र मात्र हरवलेलं. नवं मागवलं असतं तर जत्रा होऊन गेल्यावर आलं असतं. मी तो डबा दुकानातल्या मेजावर ठेवला आणि भाईंना हाक मारली. त्यांनी झाकण काढून आत बघितलं. आत नखाएवढे दोन आरसे, प्रत्येक एका बारीक मोटारीवर. एक आरसा किरण डावी-उजवीकडे नेतो, दुसरा वर-खाली. दोघे मिळून इतक्या वेगाने फिरवतात की डोळ्याला ठिपक्याऐवजी रेघ दिसते. भाई म्हणाले, ह्याला दोन सूर हवेत. दोन स्पीकर हलवायचे तसे दोन आरसे हलवायचे. पणजीला जाऊन एक यूएसबी साउंड कार्ड घेऊन ये, खूप तोंडांचं.

पणजीच्या दुकानदाराने विचारलं, घरात किती स्पीकर लावणार. एकही नाही म्हटल्यावर त्याने कार्ड दिलं. ते घेऊन बसने परत येताना मला पहिल्यांदा शंका आली की आपण वेड्याच्या नादी लागलोय.

कार्ड उघडून भाईंनी मला सोल्डरिंगची गन दिली. त्यांचे हात थरथरत. ते सगळ्यांना दिसे आणि कोणी बोलत नसे. ते स्वतः म्हणत, ज्याला वापरायचंय त्याने जोडावं. प्रत्येक तोंडाशी एकेक कपॅसिटर होता, तो काढून तिथे तार जोडायची होती. मी विचारलं का. "सांगतां," म्हणाले आणि सांगितलं. आवाज म्हणजे हलणं. स्पीकरला एका जागी थांबायचं काम कधी पडत नाही. म्हणून कार्ड करणाऱ्याने दारात एक राखणदार बसवलाय: हलणाऱ्याला सोड, थांबणाऱ्याला अडव. आपल्या आरशाला मात्र थांबावं लागतं. गणपतीचा कान डावीकडे काढायचा तर आरशाने तेवढा वेळ डावीकडे राहायला नको? राखणदार ठेवला तर प्रत्येक चित्र घरंगळत मधे येईल. मला शाळेत विज्ञानाच्या बाई होत्या, चांगल्या होत्या, पण कपॅसिटर म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं.

पहिलं कार्ड मी जाळलं. कपॅसिटर भलताच काढला. भाई ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते म्हणाले, बरं झालं, आता ते उघडून बघता येईल, आणि ते कदेलीवर, म्हणजे आपल्या खुर्चीवर, बसून संध्याकाळपर्यंत त्या मेलेल्या कार्डाचे थर सोलत राहिले. दुसऱ्या कार्डावर काम नीट झालं. पण काहीही वाजत नसताना मीटरवर शून्य यायला हवं होतं आणि येत होते दोन व्होल्ट. भाई खूश झाले. हे त्यांनी आधी सांगितलं होतं. मग त्यांनी मधे एक छोटा बोर्ड करून घेतला, ते फाजील दोन व्होल्ट खाली आणून शून्यावर ठेवणारा आणि बाकीचं आरशांना पुरेल इतकं वाढवणारा. बोर्डातून निघालेल्या तारांच्या जोड्या लेझरच्या पाठीवरच्या पंचवीस टाचण्यांच्या सॉकेटमध्ये गेल्या.

लेझरला जोडण्याआधी त्यांनी ते सगळं चक्क एका स्पीकरला जोडलं. त्यांना चित्र ऐकायचं होतं. कॉम्प्युटरवर वर्तुळ काढलं तर सरळ, गोड, एकसुरी आवाज आला. चौकोन काढला तर चारही कोपऱ्यांवर तो खेकसला. "गोल म्हणजे तंबोरो," भाई म्हणाले, "चौकोन म्हणजे आमच्या पोदेराचो सुणो." पाववाल्याचा कुत्रा खरंच तसाच भुंकायचा. मग आम्ही गणपती लावला. घोगरा, भुंग्यासारखा, मधेच उंच जाऊन खाली येणारा आवाज. भाईंनी डोळे मिटून तो इतका वेळ ऐकला की रस्त्यावरची माणसं थांबली. सातापाने आत डोकावून विचारलं काय बिघडलंय. गणपती आहे म्हटल्यावर त्याने चप्पल काढली.

लेझरची त्यांना भीती होती, आणि ती त्यांनी मला हट्टाने लावली. काळा कागद धरून त्यावर ठिपका थांबवून दाखवला. कागदाला धूर आला. आरसे फिरतात तोवर रेघ आहे, आरसा अडकला की भोक आहे, म्हणाले. म्हणून त्यांनी दुकानात प्लायवूडची भिंत उभी केली, आणि लेझर चालू असताना एकाने फक्त प्लगवर हात ठेवून बसायचं, दुसरं काही करायचं नाही, असा कायदा केला. आज माझ्याकडे मोठे एलईडी पडदे आहेत, लेझर कोणी मागत नाही, पण माझ्या प्रत्येक कार्यक्रमात एक माणूस मुख्य स्विचवर हात ठेवून बसलेला असतो. गिऱ्हाइकांना वाटतं मी नको तेवढी माणसं आणते.

जत्रेच्या दिवशी आम्ही टेंपोने दुपारी पोचलो. मी, नवरा, भाई, सातापा. माझा बेत लेझर समोरून, प्रेक्षकांच्या मागून पडद्यावर मारायचा होता, दुकानातल्या भिंतीवर मारायचो तसा. भाईंनी मैदान बघितलं. खांद्यावर पोरं घेतलेले बाप, फुग्यांच्या काठ्या, उभे राहणारे लोक. हे जमायचं नाही, म्हणाले. एखादं पोर खांद्यावर उभं राहिलं तर डोळा नेमका किरणात. लेझर पडद्यामागे जाईल, खालून वर तिरका, कापड दुपदरी. आरपार निघालाच तर लोकांच्या डोक्यांवरून जाईल. अध्यक्ष घाई करत होते. सातापाने पडदा दुपदरी केला, आम्ही लेझर मागे नेला. मी म्हटलं, "हिरवा गणपती दिसेल, पडद्याच्या मधोमध, पुरुषभर उंच." भाई म्हणाले, "बरें." आणि ते प्लगपाशी जाऊन बसले.

दिवेलागणीला आम्ही लावून बघितलं. मी सांगितलं तसाच दिसला. हिरवा, मधोमध, पुरुषभर. ओट्या घेऊन देवळाकडे निघालेल्या बायका थांबल्या आणि त्यांनी हात जोडले. आणि मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली की सोंड उजवी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं वेगळं, पूजा वेगळी, आणि जो आणतो त्याला ते निभवावं लागतं. कोणी मजेने आणत नाही. दुकानातल्या भिंतीवर आमची सोंड डावीच होती. पडद्यामागून मारल्यावर लोकांना चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

जोडलेले हात सुटले. बायका मागे सरकल्या. रंगमंचावर नारळ घेऊन उभा असलेला माणूस नारळ तसाच धरून खाली उतरला. अध्यक्ष मागे आले. ते भले गृहस्थ होते, पण अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

"देवान कौल उजवो दिलो म्हणून तुमी गणपतीय उजवो हाडलो?" ते मला म्हणाले. "ह्याचें सोवळें आतां कोण पाळतलो, तूं?"

कोणीतरी हसलं, पण ते बरं हसणं नव्हतं. बंद करा, रंगवलेला पडदाच लावू, असं दोघंतिघं म्हणाले. शेजारच्या दोन गावांच्या कमिट्यांची माणसं समोरच खुर्च्यांवर होती. बाईमाणसाला लेझर कशाला द्यायचा, हेही मी ऐकलं. माझा नवरा पडद्याच्या दोरीपाशी उभा होता, आणि त्याच्याकडे न बघताही मला कळलं की तो मनाने विमानात बसला.

भाईंनी प्लग काढला. काळोख झाला. मग ते पडद्याच्या पुढे गेले. मी त्यांना कधी रंगमंचावर चढताना पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं लोकांना माइक देऊन स्वतः त्यावर न बोललेला माणूस. माइक त्यांनी घेतलाच नाही.

"यंत्र फाटीं व्हरपाक हांवें सांगलें," ते म्हणाले. "फाटल्यान मारल्यार उजवें-दावें बदलता, तें सांगपाचें काम म्हजें. हांवें सांगूंक ना. चूक म्हजी, बायची न्हय. सोंड आतां फिरयतां."

यंत्र मागे न्यायला सांगणारे तेच, मागून उजवं-डावं बदलतं हे सांगायचं राहिलं तेही त्यांचंच, बायची चूक नाही: सगळं ऐकू गेलं. ते मागे आले तेव्हा अध्यक्षही त्यांच्या पाठोपाठ आले. आता ते रागावलेले नव्हते, बुचकळ्यात पडले होते. त्यांनी हळूच विचारलं, देवाची सोंड अशी तार बदलून फिरवलेली चालेल का, दोष नाही ना लागणार. भाई म्हणाले, "देवाची न्हय, आरशाची." अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि पुढे जाऊन लोकांना तेच सांगितलं, जरा लांबवून.

डावी-उजवी हलवणाऱ्या आरशाला दोन तारा होत्या. त्यांची अदलाबदल करायची, एवढंच. कॉम्प्युटरवरही चित्र उलटवायची सोय असते हे मला पुढे कळलं. भाईंना ते ठाऊक असावं. पण स्क्रीनवर त्यांचा विश्वास नव्हता, तारेवर होता. त्यांनी गन माझ्याकडे दिली नाही. माझ्या नवऱ्याकडे दिली. तो दोरी सोडून आला आणि गुडघ्यांवर बसला. उजेडासाठी बॅटरी मी धरली.

"आदीं सांग," भाई म्हणाले.

नवऱ्याला आमचा हा प्रकार ठाऊक होता, तो घरी त्यावर विनोद करायचा. आता त्याने सॉकेटकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "ह्या दोन तारा बदलल्या की डावं उजवीकडे जाईल," तो म्हणाला, "वरचं वर राहील, खालचं खाली."

"आनी?"

बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती. नवऱ्याने घाई केली नाही. बार्जचं इंजिन काळोखात उघडायची सवय असलेला माणूस तो. पुन्हा एकदा सगळ्या तारा बोटाने मोजून तो म्हणाला, "आणि दुसरं काहीच बदलणार नाही."

"लाय," भाई म्हणाले.

हे 'दुसरं काहीच नाही' त्यांना फार आवडलं होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मला तिथवर यायला दोन वर्षं लागली होती.

सोंड डावीकडे आली. नारळवाला पुन्हा वर चढला. रात्री नांदीला सगळे दिवे मालवले आणि काळोखात गणपती उभा राहिला तेव्हा मैदानातून जो आवाज आला तो मी अजून विसरले नाही. गणपती होता दोन-तीन मिनिटं. भाई मात्र नाटक संपेपर्यंत प्लगवर हात ठेवून बसले, लेझर कधीचा थंड झाला तरी. नवऱ्याने त्यांना चहा आणून दिला तो त्यांनी डाव्या हाताने प्यायला, अर्धा सांडत. शेजारच्या दोन्ही कमिट्यांनी मला गाठून तारखा विचारल्या. एकाने विचारलं, तो तार जोडणारा तुमचाच माणूस का. मी म्हटलं हो.

परतताना नवरा गाडी चालवत होता, भाई मधे, मी खिडकीशी, सातापा मागे सामानावर आडवा. दोडामार्ग मागे पडलं तेव्हा उजाडलं होतं. भाई डोळे मिटून बसले होते, झोपले असं आम्हांला वाटलं. नवरा रस्त्याकडे बघत म्हणाला, "एजंटाला नाही म्हणून कळवतो."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी त्या वेळी दोन जत्रा एकाच दिवशी आल्या तर केबल पुरेल का ह्याचा विचार करत होते, आणि तो विचार एकाएकी इतका सुखाचा वाटला की मी तो मोडला नाही.

भाईंनी डोळे उघडले नाहीत. "मागीर फाल्यां म्हजेकडेन यो," ते नवऱ्याला म्हणाले. "तुजें सोल्डरिंग वायट आसा."

दुसऱ्या दिवशी नवरा त्यांच्याकडे शिकायला गेला. आणि भाई होते तोवर जातच राहिला.